धोंडू परटाची खूण

यमुने, तुझं तेरावं होऊन आठ दिवस झाले. तुझ्या विलासनं माणसं बरीच बोलावली होती. भात जरा कच्चा राहिला होता, बाकी ठीक. फोटो ठेवला होता तो आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. त्यात तू काहीतरी चोरून नेताना सापडल्यासारखी दिसतेस. तुझ्या सुनेला विचारलं, दुसरा नव्हता का? ती म्हणाली, आईंनी कधी काढूच दिला नाही. हे मात्र ती खरं बोलली.

हार मी केला. चाळीस वर्षं पंचवटीत हार ओवतेय, देवाला आणि मढ्याला एकाच सुईनं. तुझ्यासाठी वेगळं काही केलं नाही. झेंडू घातला, कारण मोगऱ्याच्या वासानं तुझं डोकं दुखायचं.

लोक म्हणत होते, यमुनाबाई किती शांत होत्या. मी ऐकून घेतलं. तू शांत कधी होतीस? इस्त्री केलेल्या सदऱ्याची कॉलर कुणी दाबून बघितली तर त्या माणसाला तू गल्लीच्या तोंडापर्यंत बोलत जायचीस. तू गप्प होतीस. शांत आणि गप्प यात फरक असतो. तो मला कालपर्यंत कळला नव्हता. म्हणून आज लिहायला बसले. चौथीपर्यंतच शिकलेय, पण अक्षर चांगलं आहे, तुला ठाऊक आहे. माझ्या याच चौथीनं आपल्या दोघींचा घात केला.

शेवटचे दीड महिने तू फार वाईट काढलेस. ते मी गोड करून सांगणार नाही. पोट फुगलं होतं, हातपाय काड्या झाले होते, आणि अंगाला असा वास यायचा की तुझ्या नातीनं खोलीत यायचं सोडलं. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं तेव्हाच आपल्याला कळलं. मी रोज दुपारी येऊन बसायची. तू डोळे मिटून पडायचीस. एके दिवशी डोळे न उघडताच म्हणालीस, "शांते, यंदा स्मारकावर एकटी जा. जाऊन वाचून ये."

त्या वेळी मी सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. तोंड उघडलं आणि तुझी सून चहा घेऊन आली. चहा पिऊन होईतो तुला झोप लागली. चार दिवसांनी तू गेलीस.

सांगायचं होतं ते आता इथं लिहिते.

तुझा बाप धोंडू सखाराम परीट. तू पाळण्यात होतीस तेव्हा तो गेला. तुला त्याचं तोंड आठवत नाही आणि त्याचाही फोटो नव्हता. जे काही कळलं ते तुझ्या आईकडून. देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांचे कपडे तो गाडीनं आणायचा, नदीवर धुवायचा, इस्त्री करून परत न्यायचा. बेचाळीसच्या चळवळीत त्या कपड्यांच्या गाठोड्यांत पत्रकं जायला लागली. परटाचं गाठोडं कोण उघडून बघतो? बरेच दिवस सुखरूप गेले. मग एक गाठोडं पोलिसांच्या हाती लागलं. पत्रकावर कुणाचं नाव नव्हतं, पण ज्या फडक्यात ती बांधली होती त्याच्या कोपऱ्यावर बिब्याची खूण होती. दोन उभ्या रेघा, खाली एक टिंब. धोंडू परटाची खूण.

पोलिसांनी ते फडकं घाटावर फिरवलं. ज्यानं कुणी ओळखलं, त्याला दोष देता येत नाही. खुणा ओळखण्यावरच घाटावरच्या परटांचं पोट. तुझ्या बापाला नेलं. पत्रकं कोण देतो ते विचारलं, मारलं, त्यानं सांगितलं नाही. तुरुंगातच हगवण लागून मेला. माती कुठं झाली ते तुझ्या आईला मरेपर्यंत कळलं नाही.

आपलं मोठं भांडण यावरूनच झालं होतं. मी म्हटलं होतं, असलं काम करायचं आणि आपल्याच खुणेचं फडकं वापरायचं, एवढी कशी अक्कल नसावी माणसाला. तुझ्या हातात तापलेली इस्त्री होती. ती तू खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "चुकून नाय ठेवली त्यानं."

"मग काय मुद्दाम?"

"त्याला लिहिता येत नव्हतं. बाकीच्यांना येत होतं, तरी एकानं नाव घातलं नाय. त्यानं घातलं."

मी म्हटलं, पाळण्यातल्या पोरीला हे कुणी सांगितलं? त्यावर महिनाभर तू माझ्याशी बोलली नाहीस. तुझं टेबल आणि माझी पाटी समोरासमोर, मध्ये दोन हात रस्ता, आणि महिनाभर एक शब्द नाही. मला अजून वाटतं, त्याची चूकच होती. सकाळच्या घाईत हाताला आलं ते फडकं घेतलं असेल. पण तुझ्यापुढे ते शेवटपर्यंत सिद्ध करता आलं नाही आणि आता करून उपयोग नाही.

ती खूण तू चालू ठेवलीस. आता कोण बिबा वापरतं? सगळे कागदाची चिठ्ठी टाचतात. तू मात्र डबीत बिबे ठेवायचीस. मला दहा वेळा तरी सांगितलं असशील, बिबा टोचायचा, काळा रस काडीवर घ्यायचा, कापडाच्या कोपऱ्यावर खूण करायची आणि वरून चुना लावायचा. चुन्यानं तो पक्का होतो. कापड फाटेल, पण खूण जायची नाही. आणि रस कातडीला लागला तर फोड येतो, आठ आठ दिवस बसत नाही. तुला अक्षर एक येत नव्हतं, पण शंभर घरांच्या शंभर खुणा तुझ्या डोक्यात होत्या. कुणाचा टॉवेल कुणाकडे गेला असं तुझ्या दुकानात कधी झालं नाही. एकदा बघितलेली आकृती तू विसरत नव्हतीस. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी ते केलं.

देवळालीच्या अलीकडे, गावाबाहेर ते हुतात्मा स्मारक आहे हे तुला कपडे टाकायला येणाऱ्या एका मास्तरांनी सांगितलं. तिथं बेचाळीसच्या लोकांची नावं दगडावर लिहिली आहेत म्हणाले. तू दोन दिवस जेवली नाहीस. विलासला सुट्टी नव्हती. मग मला म्हणालीस, तुला वाचता येतं, तू चल. त्याला आता बारा वर्षं झाली. पंधरा ऑगस्ट होता. नाशिकरोडपर्यंत बस, पुढे शेअर रिक्षा. तू लुगड्याला कडक इस्त्री केली होतीस, बसायलाही तयार नव्हतीस, चुरगळेल म्हणून.

स्मारक म्हणजे काय, एक चौथरा, त्यावर काळा दगड, बाजूला एक सभागृह, कुलूप लावलेलं. झेंडावंदन होऊन शाळेची मुलं गेली होती. मी दगडावरची नावं वाचली. नऊ होती. नऊच्या नऊ मोठ्यानं वाचली. मग परत वाचली. नवव्या नावानंतर तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस, अजून एक येईल म्हणून.

मी कुणाच्या रडण्याला भुलणारी बाई नाही. मढ्याचे हार करणाऱ्या बाईला ते परवडत नाही. पण तू रडली नाहीस. पदर नीट केलास आणि म्हणालीस, "तो दुसरा दगड कसला?"

दुसरा दगड सभागृहाच्या भिंतीत होता, कोनशिला. उद्घाटन कुणी केलं, अध्यक्ष कोण, पाहुणे कोण, आणि सगळ्यात खाली बांधकाम करणाऱ्या कंत्राटदाराचं नाव. मी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे बघ. धोंडू सखाराम परीट, पंचवटी."

"खाली का?"

"उशिरा सापडलं असेल."

तू पुढे झालीस. त्या ओळीवरून बोट फिरवलंस, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, नव्या गिऱ्हाइकाची खूण डोक्यात घालून घ्यावी तसं. मग आपला हार तू तिथं वाहिलास. मीच ओवलेला हार, मीच दाखवलेल्या जागी, एका कंत्राटदाराला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे.

परतताना रिक्षात तू पेरू घेतलेस. मला मोठा दिलास.

पुढच्या वर्षी मी टाळायला बघितलं. तू ऐकलं नाहीस. तिथला राखणदार किसन तुझ्या ओळखीचा झाला. झेंड्याच्या चुण्यांवरून तू त्याला असं काही बोललीस की त्यानं झेंडाच तुझ्या हातात दिला. तेव्हापासून दरवर्षी झेंडा धुवायला आणि इस्त्रीला तुझ्याकडे. चौदा तारखेला तू एकटी जाऊन त्याला देऊन यायचीस, पंधराला आपण दोघी. कुठलाही झेंडा दिसला की तू आधी त्याच्या चुण्या बघायचीस. आपण यात्रेच्या गाडीनं दिल्लीला गेलो, लाल किल्ल्यापुढे उभ्या राहिलो, सगळे हात जोडत होते आणि तू म्हणालीस, हिरव्या पट्टीवर इस्त्री फिरलेलीच नाही. दिल्लीतल्याच त्या मोठ्या कमानीवर नावं कोरलीत म्हटल्यावर मला वर मान करून बघायला लावलंस. मी म्हटलं, बाई, हे गोऱ्यांच्या लढाईत मेलेले शिपाई आहेत. तू म्हणालीस, "मग ह्यांचे कपडे धुतले असतील त्यानं," आणि खाली बसून चणे खाल्लेस. त्या वेळी मी हसले. तुझ्याबरोबर हसल्याचं फारसं आठवत नाही, म्हणून लिहून ठेवते.

दुसऱ्या खेपेनंतर सात-आठ महिन्यांनी पेठ रोडला ते झालं. आपण भाजी घेऊन येत होतो. नव्या इमारतीपुढे मोठा फलक लावला होता. तू थांबलीस. पिशवी खाली ठेवलीस आणि फलकाकडे बघत राहिलीस. मी वाचलं, कंत्राटदाराचा फलक होता. तेच नाव. दगडावर होतं तसंच, फक्त मोठं आणि लाल रंगात.

"काय लिहिलंय गं?" तू विचारलंस.

"घरं विकायची आहेत. चल, ऊन लागतंय."

"हं," एवढंच म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू दुकान उघडलं नाहीस. ताप आलाय म्हणालीस. तिसऱ्या दिवशी आलीस, कोळसे पेटवलेस, कामाला लागलीस. मी तुझ्या तोंडाकडे बघायची, काही दिसतंय का म्हणून. काही दिसलं नाही. पंधरा ऑगस्टला तू मला घेऊन गेलीस, त्या कोनशिलेपुढे उभं केलंस आणि नेहमीसारखं म्हणालीस, "वाच गं शांते." मी मनात म्हटलं, सुटले. हिला कळलेलं नाही. आणि वाचलं, धोंडू सखाराम परीट, पंचवटी.

त्या वर्षी तुझ्या उजव्या हाताच्या बोटाला मोठा फोड आला होता. इस्त्रीचा चटका म्हणालीस. मी खोबरेल लावून दिलं. पन्नास वर्षं इस्त्री करणाऱ्या बाईला बोटाच्या टोकाला चटका बसतो, आणि मी ते खरं मानलं.

तेव्हापासून दरवर्षी तेच. बसनं जायचं. तू आधी पुढच्या काळ्या दगडापाशी जाऊन खाली बसायचीस, चौथऱ्याला हात लावायचीस. मी समजायची, नऊ जणांना नमस्कार करतेय. मग कोनशिलेपाशी यायचीस आणि म्हणायचीस, वाच. दहा वर्षं, यमुने. दर वर्षी निघताना मी ठरवायची, आज सांगायचं. दर वर्षी वाटायचं, एवढी म्हातारी झाली, आता सांगून काय मिळवायचं. खरं म्हणजे तुझं मन मोडेल याची भीती कमी होती. तू माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीस याची जास्त होती. एक महिना मी काढला होता. पुरं आयुष्य निघालं नसतं.

काल एकटी गेले. बसमध्ये चढताना गुडघ्यानं जीव काढला, हात द्यायला तू नव्हतीस. हार दोन नेले, सवयीनं. झेंडावंदन झालं होतं. झेंड्याला इस्त्री नव्हती. तू बघितला असतास तर किसनची धडगत नव्हती.

त्यानं विचारलं, "आज्जी, दुसऱ्या आज्जी?"

म्हटलं, गेली.

तो काहीतरी बोलायचं म्हणून चौथऱ्याबद्दल सांगायला लागला. म्हणाला, दरवर्षी चुना मारतो बघा, पण ह्या एका जागी डाग वरच येतो. दोन हात मारले तरी चार दिवसांत परत. उलट दरवर्षी जास्त काळा होतोय. ओल असणार आतून.

मी वाकून बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. काळा दगड जिथं संपतो, नववं नाव जिथं संपतं, त्याच्या बरोबर खाली चुन्यावर दोन उभ्या रेघा होत्या. खाली एक टिंब.

मी तिथंच चौथऱ्यावर बसले. किसनला वाटलं, मला चक्कर आली. त्यानं पाणी आणून दिलं.

मला काय वाटलं ते सांगते. आधी राग आला. तुला कळलं होतं. पेठ रोडच्या त्या फलकापुढेच कळलं होतं. माझी लबाडी उघडी पडली होती आणि तू मला एक शब्द बोलली नाहीस. चौदा तारखेला झेंडा घेऊन एकटी आलीस, बोट भाजून घेतलंस, बापाचं नाव तुझ्या हातानं दहावं घातलंस, आणि दुसऱ्या दिवशी मला त्या कंत्राटदारापुढे उभं करून म्हणालीस, वाच. का गं? मला शिक्षा म्हणून? की मी एकदा तरी आपणहून सांगते का ते बघत होतीस? की त्या जागेवर कुणीतरी त्याचं नाव मोठ्यानं घ्यावं एवढंच तुला हवं होतं, कोणत्या दगडावरून घेतलं याचं तुला काही नव्हतं? यातलं कुठलं, ते मला कळायचं नाही. तू नेहमीसारखी गप्प बसून गेलीस.

तू मला माफ केलंस असं मी स्वतःला सांगणार नाही. तू तसं म्हणाली नाहीस. पण बसमध्ये चढताना दहा वर्षं तू मला हात दिलास आणि पेरू घेतलेस तेव्हा मोठा मलाच दिलास. तेवढं मी धरून चालते.

कोनशिलेकडे मी गेले नाही. पुढच्या दगडावरची नऊ नावं वाचली, मोठ्यानं. मग त्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि दहावं वाचलं, धोंडू सखाराम परीट, पंचवटी. बारा वर्षांत पहिल्यांदा जे लिहिलं होतं तेच वाचलं.

किसन बघत होता. म्हणाला, "कुठं लिहिलंय आज्जी?"

मी बोट दाखवलं. त्याला डागच दिसला. हार दोन्ही तिथंच ठेवले.

निघताना तो म्हणाला, काळजी करू नका, पुढच्या वर्षी एवढी जागा खरवडून सिमेंट लावून टाकतो, म्हणजे ओल वर यायची नाही.

मी म्हटलं, "सिमेंट नको. चुनाच मार. दरवर्षी मार."